सांगितलेला महिना

छबुबाईने काचेला कपाळ टेकवून तान्ह्या नातीचं पोट पुन्हा निरखलं. सकाळपेक्षा ते नक्कीच फुगलं होतं. कातडी ताणली गेली होती.

"सिस्टर, पोट टम्म झालंय हो. दूधबी ओकली आज."

"डॉक्टर मॅडम बघून गेल्यात, आजी. पुन्हा येतीलच. सातव्या महिन्यातल्या बाळांना आतड्याचा मोठा आजार होतो, पण तो सहसा उशिरा, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. हिचा आज नववा दिवस."

"अन् महिना वर गेलेलं असलं तर?"

"मग हेच दिवस धोक्याचे. जितकं लवकर जन्मलेलं, तितका हा आजार उशिरा येतो."

केसपेपरवर सातवा महिना छबुबाईनेच सांगून लिहवला होता. सातव्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचं पहिलं पोर आठव्यातलं होतं आणि तिसऱ्या दिवशी गेलं होतं. सोनोग्राफीचे कागद मागितले तेव्हा ते नांदूरघाटला घरी राहिले म्हणून तिने हात झटकले. दुष्काळात सुनेच्याच पोटाला पुरेसं मिळालं नव्हतं, पोर हडकुळी निपजली, त्यामुळे वजन बघून कुणाला शंकाही आली नाही. मुलगा शहादेव साखर कारखान्याने उघडलेल्या छावणीत जनावरांपाशी होता. त्यालाही तिने फोनवर सातवाच म्हणायला पढवलं होतं.

व्हरांड्यात तिने चार फेऱ्या घातल्या. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि पाणी न पिताच परतली. नऊ दिवस तिने सटवाईलासुद्धा फसवलं होतं. आता खरा महिना तोंडातून निघाला तर सटवाई ऐकणार आणि लेकरू नेणार, आणि नाही निघाला तर? तिला भीती वाटत होती, भयंकर भीती. तरी ती मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आठवा व्हता. सरत आलता. म्या खोटं सांगितलं."

मॅडम तडक आत गेल्या, पोट चाचपलं, दूध बंद करायला सांगितलं आणि एक्स-रे मागवला. त्या ओरडल्या असत्या तर छबुबाईला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सून सत्यभामा पिळून काढलेल्या दुधाची वाटी घेऊन आली.

"दूध बंद केलंय," छबुबाई म्हणाली. "म्या खरं सांगून टाकलं. आठवा."

सत्यभामेने वाटीवर पदर धरला.

"आत्या, पहाटंच मला पोट फुगल्यालं दिसलं व्हतं. टेबलापतोर गेलते सिस्टरला सांगाया."

"मंग कावून न्हाई बोललीस, बये?"

"तोंड उघडलं असतं तर खरा महिनाबी निघाला असता. तुमी माझ्या कुंकवाची आण घातलीती."

आत एक्स-रेचं यंत्र ढकलत नेत होते. छबुबाई भिंतीला धरून खाली बसली.