आखाजीला आलेली पाव्हणी

पहाटे नळ खाकरला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग बादलीच्या तळाशी दोन थेंब टपकले आणि घराची शांतता मोडली. मालन उठली. अंग उठायला तयार नव्हतं, पण सिडकोतलं पाणी कोणाच्या अंगासाठी थांबत नाही. बाहेरच्या खोलीत तिची आई, सगुणाबाई, कधीचीच उठून चटईवर बसली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा लेकीच्या वाटेकडे.

"चहा टाकू?" मालनने विचारलं.

सगुणाबाईने नुसती मान हलवली. मोतीबिंदू काढायला ती नामपूरजवळच्या खेड्यातून नाशकात आली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आल्या दिवशी मालनने तिला दारातच सांगितलं होतं, "आई, निकितासमोर आपलं बोलू नकोस. खाली बायका भेटल्या तरी नको." आणि हेसुद्धा तिने शहरी मराठीत सांगितलं, कारण निकिता, मालनची पोर, तिचा पदर धरून उभी होती. सगुणाबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि गप्प झाली. जन्मभर अहिराणीशिवाय दुसरं काही न बोललेली बाई. दुसरं येत नाही आणि आपलं बोलायचं नाही, म्हटल्यावर उरली ती मान. होय म्हणायला खाली, नको म्हणायला आडवी.

"आजीचं ऑपरेशन डोळ्याचं झालं की तोंडाचं?" निकिताने तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं. हिरामण, मालनचा नवरा, जेवता जेवता हसला आणि मग त्यालाच ते हसणं बरं वाटलं नाही.

हिरामण वाईट नव्हता. तो सिन्नरकडच्या खेड्यातला. अंबडच्या कंपनीत नवा लागला तेव्हा त्याच्या 'लय' आणि 'नाय'ची लोकांनी इतकी नक्कल केली, की वर्षभर तो डबा एकटा खात होता. पुढे त्याने बोलणं बदललं, मिशा काढल्या, सुपरवायझर झाला. निकिता चार वर्षांची असताना तिला इंग्रजी शाळेत न्यायचं ठरलं. तिथल्या मॅडमनी पोरीपुढे पाण्याचा ग्लास धरून विचारलं, हे काय? पोरीला तहान लागली होती. ती म्हणाली, "माले पानी दे." मॅडम हसल्या, पाणी दिलं आणि आईबापांना म्हणाल्या, घरात आधी एक भाषा ठरवा, मग पुढच्या वर्षी या. घरी येताना स्कूटरवर हिरामण एवढंच बोलला, "आपलं झालं ते झालं, मालन. पोरीचं नको व्हायला." हुकूम केल्यासारखं नाही, मागितल्यासारखं. म्हणून तिला नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून तिने आपली बोली उचलून ठेवली. शहरी मराठी तिला येत होतीच. त्या मराठीत तिला भाजीचा भाव करता यायचा, डॉक्टरला ताप सांगता यायचा, गृहपाठ घेता यायचा. पण पोरीला पोटभर रागावता यायचं नाही आणि कुशीत घेतल्यावर जे काही अर्थाबिर्थाशिवाय तोंडातून सांडतं, ते सांडायचं नाही. ओठांवर आलेला प्रत्येक शब्द आधी तांदळातल्या खड्यासारखा निवडून काढायचा. संध्याकाळी तिची पाठ दुखायची ती धुण्याभांड्याने. डोकं मात्र या निवडण्याने थकायचं. निकिता झोपली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही.

शेजारणींनी माहेर विचारलं तर ती सांगायची, "सिन्नरकडचं." पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढे सवय झाली.

खाली नव्या इमारतीच्या कामावर सुरगाण्याकडच्या बाया होत्या. घमेली उतरवताना आपसांत त्यांच्या आदिवासी कोकणी बोलीत काही कुजबुजायच्या, हसायच्या, आणि मालन पाणी घेऊन जवळ आली की गप्प व्हायच्या. ते गप्प होणं तिला ओळखीचं होतं. पाणी देऊन ती लगेच वर यायची.

तर त्या दिवशी आखाजी होती. अक्षय तृतीयेला तिच्या माहेरी आखाजी म्हणतात, आणि सासरी गेलेल्या लेकीला त्या दिवशी काही म्हणजे काही काम सांगत नाहीत. झाडाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची, आणि दुपारी नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालायच्या. गाण्यातून, ठेक्यात, जितक्या झोंबऱ्या तितक्या चांगल्या. राग धरायचा नाही. जिचं उत्तर संपलं ती हरली. वरच्या मजल्यावरच्या लताबाई धुळ्याकडच्या. त्यांनी सिडकोतल्या झाडून साऱ्या खानदेशी बाया जमवून मोकळ्या प्लॉटवरच्या कडुलिंबाला झोका बांधायची पद्धत पाडली होती. इथे नदी कुठली? मग कॉलनीतल्या डांबरी रस्त्यालाच नदी मानायची. अलीकडे मोसम नदीकाठच्या, पलीकडे धुळ्याच्या पांझरा नदीकाठच्या. दरवर्षी मालन कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीतून बघायची आणि मग दार लावून घ्यायची.

या वर्षीही तिने दार लावून घेतलं. पुरणपोळ्या झाल्या, हिरामण दुसऱ्या पाळीला गेला, भांडी झाली. जरा टेकावं म्हणून ती भिंतीला टेकली आणि डोळा लागला. जागी झाली तेव्हा चटई रिकामी होती. दारातल्या निकिताच्या चपलाही नव्हत्या. खालून गाण्याचा आवाज येत होता, आणि त्यातला एक आवाज तिने जन्मल्यापासून ऐकलेला होता.

जिन्यातच ती थांबली. खाली गेलं तर सगळं उघडं पडणार होतं. हिरामणला दिलेला शब्द, लताबाईंना सांगितलेलं माहेर. न जावं तर आई एकटी, डोळ्यावर पट्टी, परक्या बायांत.

एकटी कसली! रस्त्याच्या अलीकडे सगुणाबाई कमरेला पदर खोचून उभी होती आणि पलीकडच्यांना झोडपत होती.

"तुम्हना गावले पानी नही, तुम्हना नवरास्ले मिश्या नही!"

अलीकडच्या बाया टाळ्या पिटत होत्या. पलीकडून लताबाईंनी उलट टोला दिला, तर सगुणाबाईने त्यांचा शब्दच पकडला. अशी कशी व बोलस, धुळानं पानी पीसन जीभ जाड जयी का, म्हणून चिडवलं. दोन नद्यांच्या बोलीतला तेवढासा फरक, पण त्यावर अख्खा रस्ता हसला. निकिता मधोमध रस्त्यावर उभी होती, तोंड उघडं टाकून. आपल्या आजीला आवाज आहे, हे ती आज पहिल्यांदा बघत होती.

तेवढ्यात लताबाईंना मालन दिसली.

"अहो मालनताई, या आजी तुमच्या घरातून आल्या ना? कोण म्हणायच्या? तुम्ही तर सिन्नरच्या."

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. सगुणाबाईने लेकीकडे पाहिलं, एकाच डोळ्याने. कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला. आणि मग तीच बोलली, सावकाश, कोणी रस्ता विचारला तर सांगावा तशी:

"मी पाव्हनी शे, माय. डोयासाठे उनी. या ताईना घर उतरेल शे."

ताई. आईने तिला ताई म्हटलं. आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. लेकीला शेजारात खाली बघायला लागू नये म्हणून आई स्वतःच परकी होऊन मोकळी झाली होती, आणि पाय मागे घेऊन घराकडे निघालीही होती. ऊन डोळ्याला बरं नाही, असं काहीतरी पुटपुटत.

मालनने तिचा दंड धरला.

"मनी माय शे ती," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "लताबाई, मनी माय शे. मी नामपूरकडली. मोसमकाठनी."

लताबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं जिन्यात माझ्याशी पुण्याचं बोलत होतीस, बये. आणि मी तुझ्यासमोर जीभ सांभाळून मरत होते." बाया हसल्या. "आता दंड भर. आम्हाला फसवलंस ना, मग गाण्यातून तूच उत्तर दे. म्हण."

अलीकडच्या बायांनी तिला पुढे ढकललं. कोणी टाळीचा ठेका धरला. मालनला चाल आठवत होती. लहानपणी नदीच्या वाळूत उभं राहून ती याच चालीवर पलीकडच्या पोरींना रडवायची. तिने तोंड उघडलं. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला शब्द शोधावा लागला, आणि सापडला तो शाळेतला, निवडलेला, स्वच्छ. तो त्या चालीत बसेना. तिने दुसरा बघितला. तोही तसाच. ठेका एकदोनदा तिच्यासाठी थांबला, मग आपोआप विरला.

"राहू दे," लताबाई म्हणाल्या, मायेनेच. "येईल पुन्हा. रोज बोललीस की येईल."

सगुणाबाईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या जागी स्वतः पुढे होऊन ओळ पुरी केली. ठेका परत सुरू झाला. मालन मागे सरून कडुलिंबाच्या बुंध्याला टेकली. तिला वाटलं होतं, एकदा खरं बोललं की हलकं वाटेल. वाटलं फक्त दमल्यासारखं, दिवसभर ओझं वाहून मग ते कुठे ठेवायचं ते न कळल्यासारखं. रात्री हिरामणला सांगायचं होतं. काय सांगायचं ते नाही, कसं सांगायचं तेही नाही, कोणत्या भाषेत सांगायचं, हाच प्रश्न तिला आधी पडला होता.

निकिता अजून रस्त्याच्या मधोमधच उभी होती. अलीकडच्या बाया हसल्या की इकडे बघायची, पलीकडच्या ओरडल्या की तिकडे. शेवटी ती पळत मालनकडे आली आणि तिचा हात ओढायला लागली. चेहरा लाल झालेला, खेळात घेतलं नाही की होतो तसा.

"आई, मला पण खेळायचंय. मी कोणत्या बाजूला उभी राहू?"