अजगराच्या पेटीवरचा पडदा

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुम्हाला खिडकी आठवत असेल, फार तर नाटकाचा रंगमंच. माझ्या नशिबी दोन्ही नव्हतं. मी अजगराच्या काचेच्या पेटीवर लागलेला पडदा होतो. आता जुना झालो आहे. चेक देशातल्या ओस्त्रावा शहरातल्या एका उंच इमारतीच्या तळघरात बटाट्यांच्या खोक्यावर पांघरूण होऊन पडलो आहे. बटाट्यांना माझ्या गोष्टीत रस नाही, म्हणून ती तुम्हाला सांगतो.

मूळचा मी आरामखुर्चीच्या गवसणीतून उरलेलं कापड. हिरवा, जाड, उजेडाला दाद न देणारा. मला मिलाडाने शिवलं. तिचा नवरा रादिम याला सापांचा नाद. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून त्याने काचेची मोठी पेटी केली होती आणि तीत कश्पर नावाचा ठिपक्याठिपक्यांचा अजगर ठेवला होता. कश्पर दिवसभर दगडावर वेटोळं घालून पडायचा आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा. महिन्यातून एका रविवारी सापवाल्यांचा बाजार भरायचा. तिथून रादिम भोकं पाडलेल्या डब्यातून जिवंत उंदीर आणायचा आणि शेपटीला धरून पेटीत सोडायचा. तोवर या गोष्टीची कोणाला अडचण नव्हती. पण मिलाडा आणि रादिमची मुलगी वेंडुला चार वर्षांची झाली आणि काचेला नाक लावून उभी राहू लागली.

त्यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली. मी तेव्हा शिवणाच्या टोपलीत होतो, सगळं ऐकत होतो.

"बघू दे की तिला," रादिम म्हणाला. "मी तिच्याएवढा असताना बेडूक उशाशी घेऊन झोपायचो."

"म्हणूनच असा निघालास," मिलाडा म्हणाली.

मिलाडाची आई गावाहून आली होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "जावईबापू, नाताळच्या जेवणासाठी आणून न्हाणीघरातल्या टबात ठेवलेला जिवंत मासा तुम्ही बाहेर काढून त्याच्या डोक्यात हातोडी घालता, तेव्हा ही पोर शेजारी टॉवेल धरून उभी असते. ते चालतं. सापाने उंदीर खाल्ला की मात्र पोर नाजूक?"

"मासा आपण खातो, आई," मिलाडा म्हणाली. "तो का मारला ते तिला ताटात दिसतं. उंदीर कोपऱ्यात बसून थरथरतो, ते बघून तिने काय शिकायचं? आणि ही हसली तर? टाळ्या वाजवल्या तर? मला त्याचीच जास्त भीती वाटते."

मग बराच खल होऊन ठरलं. वेंडुला दहा वर्षांची झाल्यावर, आणि तिने स्वतःहून मागितलं तरच तिला दाखवायचं. बघताना हसायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि नको वाटलं तर सरळ उठून जायचं. तोवर मध्ये पडदा.

दुसऱ्या दिवशी मिलाडाने मला कडा मुडपून, वर कड्या शिवून दांडीवर चढवलं. मग लेकीला समोर बसवून म्हणाली, "वेंडुल्का, यामागे कश्पर जेवतो. उंदीर खातो. तुझ्यापासून काही लपवायचं नाहीये. फक्त थोडं थांबायचंय."

हे ऐकून माझी छाती फुगली. मला काम मिळालं होतं, आणि ते प्रामाणिक काम होतं.

ती वर्षं माझी सुखाची गेली. पाहुणे यायचे, मिलाडाची युक्ती ऐकून माझं कौतुक करायचे. जेवणाच्या रविवारी वेंडुला माझ्यासमोर मांडी घालून बसायची. आतली खुडबुड थांबली की विचारायची, "जेवलास का रे, कश्पर?" एकदा घरात कोणी नव्हतं, तेव्हा तिने माझं टोक बोटांत धरलं. धरून उभी राहिली आणि मग सोडून दिलं. कोणी बघत नसताना शब्द पाळणारी माणसं मी मोठ्यांतही फार पाहिली नाहीत. त्या दिवसापासून ती पोर माझी झाली.

एका रविवारी कश्परने उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उंदीर तासभर पेटीत हिंडला, कश्परच्या पाठीवरून चालत गेला आणि शेवटी पाण्याच्या भांड्याशी बसून मिशा धुऊ लागला. पांढरीशुभ्र उंदरी होती ती. पाठीवर खसखस सांडल्यासारखे काळे ठिपके. वेंडुलाने तिला मागून घेतलं. रादिम हसून म्हणाला, "कश्परने ताट परत केलंय, ठेव तुला." खसखशीच्या बोंडाला आमच्याकडे म्हणतात तेच नाव वेंडुलाने ठेवलं, माकोव्का. तिला पिंजरा आला, चाक आलं. संध्याकाळी ती वेंडुलाच्या बाहीतून शिरून गळ्यापाशी निघायची. माझ्यामागून जिवंत परत आलेली ती एकटीच, म्हणून मलाही तिचं अप्रूप होतं.

मग तो हिवाळा आला. कश्परने खाणं सोडलं. अशा अजगरांचं हिवाळ्यात असं होतं. डॉक्टरांनीही फोनवर सांगितलं होतं, वसंतापर्यंत वाट बघा. पण रादिमच्या जिवाला घोर लागला. गोठवलेले मेलेले उंदीर कोमट करून दिले, कश्परने तोंड फिरवलं. जिवंत आणावेत तर नाताळ, बाजार बंद, दुकानं बंद. जेवताना त्याचं तेच पालुपद चालायचं, आणि वेंडुला ते ऐकून कश्परसाठी हळहळायची. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती आजीबरोबर गावाला गेली. जाताना तिने माकोव्काला सणाच्या गोड पावाचा तुकडा दिला आणि पिंजऱ्याची कडी लावून दोनदा ओढून पाहिली. मी पाहिलं आहे ते, मित्रांनो.

संध्याकाळी रादिम पिंजऱ्याशी जाऊन उभा राहिला.

मिलाडा म्हणाली, "नाही हं, रादिम."

"अगं, तो मरेल. उंदीर काय, दुसरा आणता येईल. तिला फरकसुद्धा कळायचा नाही."

मला वाटलं, ही आता पिंजरा उचलून स्वयंपाकघरात नेईल. मला शिवणारी बाई ती, माझा तिच्यावर पूर्ण भरवसा होता. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "कर मग काय ते. पडदा नीट ओढ."

कश्परला मी दोष देत नाही. पानात पडलं ते त्या दिवशी त्याने खाल्लं. पण ओढल्या गेलेल्या माझ्यापुढे तेव्हा कोणतंही मूल नव्हतं. मिलाडाने मला स्वतःसाठी ओढायला लावलं होतं. ज्या हातांनी मला टाके घातले, त्यांनीच माझा घात केला.

याहून वाईट पुढे व्हायचं होतं. वेंडुला गावाहून परतली. पिंजरा रिकामा. दुसरी पांढरी उंदरी काही रादिमला मिळाली नव्हती. तो म्हणाला, "कडी उघडी राहिली असेल गं. तू घाईत होतीस ना जाताना?"

वेंडुलाने आईकडे पाहिलं. मिलाडा पेला पुसत होती. तो कोरडा होता, तरी पुसत राहिली.

तेव्हापासून वेंडुला रोज संध्याकाळी खोली गरम ठेवणाऱ्या भिंतीजवळच्या लोखंडी शेगडीमागे तोंड घालून म्हणायची, "माकोव्का, चुकले मी. ये ना परत." उंदीर भिंतीत राहतात असं तिला वाटायचं. मी हातभर अंतरावर लटकत होतो. कापडाला वाचा नसते, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मिलाडाने मात्र ठणकावलं, या घरात आता जिवंत उंदीर नको. रादिमने कश्परला हळूहळू मेलेल्यांची सवय लावली. लोकांना वाटलं, केवढी कोमल मनाची बाई. मला आतलं ठाऊक होतं.

वेंडुला दहा वर्षांची झाली. वाढदिवसाला आजी आली, केक झाला, आणि मुलीने तोंड पुसून सांगितलं, "आज मला कश्परचं जेवण बघायचंय. खरंखुरं. ठरलं होतं."

"खरंच हवंय तुला?" मिलाडाने विचारलं.

"हो. वर्गात सगळे चिडवतात, घरात अजगर आणि हिला ठाऊक काहीच नाही."

शब्द दिलेला होता. बाजाराचाच रविवार होता, रादिम उत्साहाने गेला आणि एक करडा उंदीर घेऊन आला. मला दांडीच्या टोकापर्यंत सारलं गेलं. वेंडुला स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती हसली नाही. उंदीर कोपऱ्यात गेला, कश्परने मान आखडली, झेप घेतली, विळखा घातला. मुलीचा चेहरा पांढरा पडला, पण तिने नजर हलवली नाही. मिलाडाने सहा वर्षांपूर्वी बांधलेला अंदाज बरोबर होता. पोर खरोखर तयार झाली होती.

रादिम भलताच खूश झाला. "बघ, विसरला नाही पठ्ठ्या. त्या नाताळानंतर आज पहिल्यांदा जिवंत घेतोय."

आजीचा चमचा बशीवर थांबला.

"कुठल्या नाताळानंतर?" वेंडुलाने विचारलं.

"अं? आपलं असंच म्हणालो."

"बाबा, त्या नाताळात बाजार बंद होता. तूच रोज म्हणायचास." ती स्टुलावरून उतरली, पण बापाकडे गेली नाही. आईसमोर जाऊन उभी राहिली. "घरात जिवंत उंदीर एकच होता, आई."

"वेंडुल्का, ऐक, कश्पर तेव्हा..." रादिमने सुरुवात केली.

"तू गप रे," मिलाडा म्हणाली.

"कडी मी उघडी टाकली नव्हती?"

"नव्हती, बाळा."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मी रोज माफी कशाची मागत होते?"

एरवी एकाला दोन सुनावणारी आजी केकच्या बशीकडे बघत बसली. वेंडुला स्टुलावर चढली, मला दांडीवरून काढलं, घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "हा आता नको," ती म्हणाली. मिलाडा माझ्यात तोंड खुपसून रडली. मला ते अश्रू नको होते. वाळायला दोन दिवस लागले आणि मग माझी रवानगी इथे झाली.

मिलाडा अजून बटाटे न्यायला येते. मला हळूच बाजूला करते, पुन्हा नीट पांघरते. तिचा हात मला ओळखू येतो, आणि माझा राग काही जात नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरात लहान मुलं असतील. त्यांना एखादी गोष्ट उशिरा दाखवावीशी वाटली तर जरूर दाखवा, मी स्वतः त्याच कामाचा. पण त्या आडोशामागे तुमची चूक ढकलून ती लेकराच्या माथी मारू नका. मुलं त्या चुकीची माफी खरोखरच मागतात. मी ऐकलं आहे.