हे बंद करू नये

वीज गेली की इतर घरांत माणसं मेणबत्त्या शोधतात. आमच्या गल्लीतली माणसं माझ्या बहिणीच्या घराकडे निघत. कारण वीज परत आली की त्या घरात एक मेलेला माणूस परत येतो, अशी ख्याती झाली होती.

त्या संध्याकाळीही जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत शिंपी, औषधविक्रेता, निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचे सगळे आप्त दाटीवाटीने बसले होते. काळोखात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग दिवे आले. फ्रिज घरघरला, पंख्याने आळस दिला, आणि कुणीही हात न लावता भिंतीवरचा टीव्ही जागा झाला. पडद्यावर अर्धा निळा रंगवलेला एक दरवाजा दिसू लागला. त्याच्यापुढे हातात ब्रश घेऊन माझे मेव्हणे उभे होते. तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला. हे खाकरणं मी तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं.

"ऐकतेस का?"

"ऐकतेय," ताई म्हणाली.

ती दर वेळी उत्तर देई. सगळ्यांत पुढच्या खुर्चीत, मान किंचित तिरकी करून ती बसलेली असे, कारण समोरचं तिला आता नीट दिसत नव्हतं.

ताईच्या शेजारच्या खुर्चीत सेतू बसे. हे त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं नाव. पूर्वी तो दारोदार पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकत असे. पुढे माणसं शुद्ध करण्यात जास्त भवितव्य आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. "मी कुणी सिद्धपुरुष नाही हो," तो हात जोडून म्हणे, "मी नुसता सेतू. पलीकडचे बोलतात, अलीकडचे ऐकतात. माझ्यावरून फक्त पावलं जातात." विनयाचा असा माज मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

"पाहा," तो पडद्याकडे बोट दाखवून सांगू लागला. "दर वेळी आधी दरवाजाच का? अर्धा रंगवलेलाच का? एक बाजू आपली, एक बाजू त्यांची. बाहेर उन्हाळा आहे, पण फोटोत त्यांच्या अंगात स्वेटर आहे. मृतांना काळ नसतो, ऋतू नसतात."

"वा," पोस्टमास्तर पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रोफेसर, केबल मी स्वतःच्या हाताने काढलीय. इंटरनेट तर ताईंनी केव्हाच बंद केलं. बाहेरून एक तार आत येत नाही. आता बोला."

मी आयुष्यभर भोंदूगिरीचा इतिहास शिकवला. पोकळ मूर्तींत पुरलेल्या बोलक्या नळ्या, वाफेवर उघडणारे गाभाऱ्यांचे दरवाजे, बाहीत दडवलेली राख, हे सगळं मला तोंडपाठ होतं. या खोलीच्या भिंती मी ठोकून पाहिल्या, टीव्हीची मागची बाजू उघडली, सेतूच्या खुर्चीखाली गुडघ्यांवर बसून पाहिलं. तिथे फक्त धूळ होती.

आणि सगळं इथवरच असतं, तर मी मुकाट्याने घरी गेलो असतो. माणसाला आपल्या मृताचा आवाज ऐकावासा वाटतो, यात हसण्यासारखं काही नाही. पण ताईला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब औषधांना दाद देत नव्हता. शस्त्रक्रियेचा वार ठरला होता, मंगळवार, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "यात गेलेली नजर परत आणता येत नाही. उरलेली वाचवता येते. तीही लवकर आलात तर."

सेतूने डोळे मिटले, खिशात हात घातला आणि हळू आवाजात विचारलं, "तिने घर सोडून जावं का?"

पडदा काळा झाला. मग त्या काळ्या पडद्यातून माझ्या मेव्हण्यांचा आवाज आला, अगदी जवळून, समजूत घालावी तसा.

"जाऊ नकोस. मी इथेच आहे."

तो आवाज त्यांचाच होता. नक्कल कितीही चांगली असली तरी तिला धाप नसते. या आवाजाला त्यांची धाप होती.

"त्यांना उंबरठा सोडता येत नाही," सेतू म्हणाला. "तुम्ही गेलात तर धागा तुटेल. निर्णय तुमचा, ताई. मी कोण सांगणारा? तुम्ही राहिलात, तर हे घर एक केंद्र होईल. कितीजणांचे कोण कोण पलीकडे वाट पाहताहेत."

मंगळवार आला आणि गेला. ताई गेली नाही.

"आंधळी होशील," मी म्हणालो.

"त्याला ऐकायला डोळे कशाला लागतात?" ती म्हणाली, आणि नेहमीसारखा माझ्या ताटात वाढायला हात पुढे केला. डाव ताटाबाहेर पडला. आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मी भाचीला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवते. दारात बॅग टेकवायच्या आधीच तिने विचारलं, "मामा, तुम्ही काय काय तपासलं?"

मी सगळं सांगितलं. केबल नाही, इंटरनेट नाही, बाहेरून काहीही येत नाही.

"म्हणजे बाहेरून काही येत नाही, एवढंच सिद्ध झालं," ती म्हणाली. "मग ते घरातच आहे."

"काय?"

"बाबांचे फोटो. बाबांचा आवाज. हल्ली सगळ्यांना वाटतं, आपलं सगळं कुठेतरी लांब ठेवलेलं असतं आणि तारेतून येतं. तार कापली आणि तरी आलं, की लगेच परलोक. घरातलं घरात असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही."

मेव्हणे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. घरातल्या प्रत्येक बटणाला त्यांनी नकाशावरच्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती, आणि ते गेल्यावरही त्या चिठ्ठ्यांची आज्ञा या घरात कुणी मोडली नव्हती. इस्त्रीच्या टेबलामागे, भिंतीशी वाकल्यावरच दिसेल अशा जागी, एका बटणाखाली लिहिलं होतं, 'हे बंद करू नये'. मी ती चिठ्ठी शोध घेताना वाचली होती, आणि अख्ख्या घराप्रमाणे पाळलीही होती.

त्या प्लगमध्ये फोनच्या चार्जरसारखा, पण त्याहून जाडजूड पांढरा ठोकळा बसवलेला होता. त्यावर एक हिरवा दिवा जळत होता. ठोकळ्यातून निघालेली वायर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत गेली होती, आणि डबीत एक हार्डडिस्क होती. मी ठोकळ्याला हात लावला. तो कोमट होता, एखाद्याने नुकताच मुठीतून खाली ठेवावा तसा. मी हात चटकन मागे घेतला, हे लिहून ठेवायला मला लाज वाटत नाही.

"हा कॉम्प्युटर आहे," भाची म्हणाली. "पूर्ण कॉम्प्युटर. प्लगमध्येच बसतो, छोट्या दिव्याएवढीही वीज खात नाही, आवाज करत नाही. हे बनवणं केव्हाच बंद झालंय, लोक भंगारात टाकतात. बाबांनी कधी काही भंगारात टाकलंय का? त्यांनी याला डिस्क जोडून घरचं कोठार केलं. माझ्याकडून त्यांनी जुने फोटो का मागून घेतले होते, ते आत्ता कळतंय."

तिने आपला लॅपटॉप उघडला आणि दुपारभर त्या कोठारात उतरून बसली. तिला जे सापडलं, ते तिने मला एखाद्या मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. ठोकळ्यात एक छोटा प्रोग्राम होता. ठोकळा सुरू झाला की टीव्ही जागा करायचा, 'ऐकतेस का' म्हणायचं आणि मागच्या वर्षांत याच तारखेला काढलेले फोटो दाखवायचे. ताईची नजर अधू होत चालली, म्हणून मेव्हण्यांनी तिच्यासाठी हे तयार केलं होतं. तिच्या वाढदिवसाला ते दाखवणार असावेत. त्याआधीच त्यांचं हृदय थांबलं. ठोकळा मात्र चालू राहिला, आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदा वीज जाऊन परत आली, तेव्हा त्याने आपलं काम सुरू केलं.

"आणि दर वेळी दरवाजाच का?" मी विचारलं.

"याच्यात घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की हा तारीख विसरतो आणि पुन्हा एका ठरलेल्या दिवशी जागा होतो. इंटरनेट असतं तर खरी तारीख विचारून घेतली असती. ते आईने बंद केलं. त्या तारखेला कधीतरी बाबांनी दार रंगवलं होतं, एवढंच."

"मृतांना काळ नसतो," मी म्हणालो.

"बॅटरी नसते," ती म्हणाली.

"आणि 'जाऊ नकोस'?"

भाचीचा चेहरा बदलला. "ते प्रोग्राममध्ये नाही. मामा, तो माणूस घरात आला तेव्हा आईकडे त्याने काही मागितलं होतं का?"

ताईने पलीकडच्या खोलीतून उत्तर दिलं, "वायफायचा पासवर्ड. लहरी जुळवायला."

परलोकाशी बोलणाऱ्याला इहलोकाचा पासवर्ड लागतो, याचं अख्ख्या गल्लीत कुणालाही नवल वाटलं नव्हतं. इंटरनेट बंद असलं तरी राउटर चालूच होता. घरातल्या घरात ठोकळा, टीव्ही आणि पासवर्ड ठाऊक असलेला कुठलाही फोन एकमेकांशी बोलू शकत होते. कोठाराला कुलूप नव्हतं. मेव्हण्यांना घरच्या माणसांपासून लपवण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या बैठकीआधी भाचीने दोनच गोष्टी केल्या. पासवर्ड बदलला, आणि मला गप्प बसायला सांगितलं.

गर्दी नेहमीएवढीच होती. सेतूने खिशात हात घालून विचारलं, "तुम्ही इथे आहात ना?" पडद्यावर दार होतं, दारच राहिलं. त्याने पुन्हा विचारलं. खिशातला हात एखाद्या कोंडलेल्या उंदरासारखा हलत होता. "आज लहरी अनुकूल नाहीत," तो शेवटी म्हणाला. "खोलीत कुणीतरी अविश्वासू आहे."

"लहरी ठीक आहेत, काका," भाची म्हणाली. "पासवर्ड बदललाय."

ती मेन स्विचजवळ गेली आणि तिने तो खाली ओढला. काळोख झाला. तिने तो वर केला. टीव्ही जागा झाला, दार आलं, खाकरणं आलं.

"ऐकतेस का?"

"ऐकतेय," ताई म्हणाली.

पुन्हा काळोख, पुन्हा उजेड, पुन्हा दार.

"ऐकतेस का?"

"आत्ताच सांगितलं ना, ऐकतेय म्हणून," ताई म्हणाली, नवऱ्याशी बोलावं तशा किंचित वैतागाने.

तिसऱ्यांदा स्विच खाली आला आणि वर गेला. तोच दरवाजा, तेच खाकरणं, त्याच जागी तीच धाप.

"ऐकतेस का?"

ताईने उत्तर दिलं नाही. त्या शांततेइतकं भयंकर मी त्या घरात काही ऐकलं नाही. तिचा नवरा दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी तिच्यादेखत.

भाचीने ठोकळा प्लगमधून काढून आईच्या ओंजळीत ठेवला आणि मेन स्विच चौथ्यांदा वरखाली केला. दिवे आले. टीव्ही काळा राहिला.

"गरम आहे," ताई म्हणाली.

"हो आई."

"म्हणजे तो बोललाच नाही माझ्याशी?"

"बोलले. तुझ्याशीच बोलले होते. यांनी कापून ऐकवलं." तिने लॅपटॉपवर कोठारातून उतरवून घेतलेली एक फाईल लावली. तीच धाप, तोच समजुतीचा सूर.

"थेंब घातलेस की लगेच उठून जाऊ नकोस. डोळे मिटून थोडं बस. घाई कसली आहे? मी इथेच आहे. आणि डॉक्टरीणबाई म्हणतील ते ऐकायचं. तुला दिसायला हवं. मला एकट्याला दिसून काय करू?"

खोलीत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. शिंपी उठला आणि दारातून बाहेर गेला. सेतू म्हणाला, "आवाज त्यांचा, इच्छा त्यांची. मी फक्त गाळणी." जुना धंदा शेवटी जिभेवर आलाच. त्याला जिन्यावरून खाली उतरायला कुणी अडवलं नाही. मी तर वाट सोडून उभा राहिलो. संताप इतका होता की तो हातांपर्यंत उतरायला जागाच मिळाली नाही.

पोस्टमास्तर मात्र उंबरठ्यावर रेंगाळले. "ते सगळं खरं, प्रोफेसर. पण तरी... काहीतरी असेलच ना?"

"आहे," मी म्हणालो. "इस्त्रीच्या टेबलामागे."

शस्त्रक्रिया झाली. एक डोळा वाचला. दुसऱ्यातलं जे त्या चुकलेल्या मंगळवारनंतर गेलं, ते परत आलं नाही, येणारही नाही. याचा गुन्हा कुठल्याच कलमात नीट बसत नाही, असं मला सांगण्यात आलं. सेतू आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने पलीकडच्यांचे निरोप पोचवतो आहे.

ठोकळा ताईने पुन्हा त्याच प्लगमध्ये लावायला लावला. भाचीने त्याला खरी तारीख शिकवली आणि ती फाईल न कापता थेंबांच्या वेळेला जोडून दिली. रोज आवाज येतो, ताई थेंब घालते, डोळे मिटून बसते. ती त्याला उत्तर देत नाही. फक्त आवाज संपला तरी लगेच उठत नाही.

भुतं नसतात, हे मी अनेक वर्षं शिकवलं. आता एवढंच शिकवणं मला पुरेसं वाटत नाही. मृतांचे आवाज आता खरोखरच घराघरांत राहतात, भिंतींत, डब्यांत, खिशांत. त्यांना घाबरू नका आणि त्यांच्या पाया पडू नका. आवाज ऐकू आला की दोनच प्रश्न विचारा. तो कुठे ठेवलेला आहे? आणि कात्री कुणाच्या हातात आहे?