वायर काढून दाखव

लॅपटॉपचं दुकान उघडलं तेव्हाच आम्ही दारात होतो. मी, माझा लेक आणि नात. नातीने कॉलेजच्या परीक्षेसाठी स्वतः एक गेम बनवला आहे. परवा दोन तास परीक्षक तो खेळून बघणार. परीक्षेच्या टेबलाजवळ प्लग नाही. गेल्या वेळी जुना लॅपटॉप मधेच मेला आणि पोरीचं सहा महिन्यांचं काम नापास झालं.

"आजी, हा म्हणजे रॉकेट!" सेल्समन म्हणाला. "ग्राफिक्स बघा, गवताचं पातं न् पातं वेगळं दिसतंय. बॅटरी दहा तास."

"वायर काढून दाखव."

"आम्ही चार्जिंगला लावूनच दाखवतो."

"मग हे दहा तास कुणाचे? लॅपटॉपचे की भिंतीचे?"

लेकाने माझा दंड धरला. "आई, गप्प बस. ट्रकची बॅटरी नाही ही."

तीस वर्षं मी आणि नवऱ्याने बॅटऱ्यांचं दुकान चालवलं. विकायच्या आधी प्रत्येक बॅटरीला हेडलाइट जोडायचो. बल्ब पिवळा पडला तर ती बॅटरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. त्याच कमाईवर हा शिकला आणि आता मला अक्कल शिकवतो!

वायर मीच उपटली. नातीने पेनड्राइव्हवरून आपला गेम लावला. गेममधला घोडा लगेच अडकत अडकत लंगडायला लागला. वीस मिनिटांत पस्तीस टक्के बॅटरी गेली.

"दहा तास म्हणजे," सेल्समन पुटपुटला, "उजेड कमी करून नुसतं टायपिंग केलं तर."

"मग टायपिंगचा म्हणून विक की मेल्या!"

"घेऊन टाकू गं," लेक म्हणाला. "लोक बघताहेत."

तेव्हा नात पहिल्यांदा बोलली. "बाबा, माझी स्क्रीन काळी झाली तेव्हाही लोक बघतच होते."

लेक बाहेर जाऊन उभा राहिला.

तिने कोपऱ्यातला एक जाडजूड, बिनचमकीचा लॅपटॉप मागितला. ग्राफिक्स बेताचंच, पण बॅटरी मोठी. सेटिंगमध्ये जाऊन तिने काहीतरी कमी केलं. "सेकंदाला तीसच चित्रं दाखवेल, आजी. डोळ्याला फारसं कळत नाही, बॅटरीला कळतं."

घोडा सरळ धावला. मी घड्याळ लावलं.

अर्ध्या तासाने मॅनेजर आला. "इथे असं बसता येणार नाही."

"मग खुर्ची घेऊन जा. मी उभी राहते."

आणि खरंच नेली हो त्याने खुर्ची! उरलेला दीड तास मी काउंटरला धरून उभी होते. गुडघे बोंबलत होते, तोंडही. नात एकेक लढाई खेळत होती, परीक्षक खेळतील तशी.

दोन तास पाच मिनिटं झाली. अकरा टक्के शिल्लक होती.

"मी म्हणत होतोच," सेल्समन हसला, "हा तुमच्यासाठी बेस्ट!"

तळपायाची आग मस्तकात गेली. असं काही सुनावणार होते की त्याच्या सात पिढ्यांना ऐकू गेलं असतं.

"आजी, बास. बिल करू दे," नात म्हणाली.

तिच्यासाठी गप्प बसले. राग तसूभर उतरला नव्हता. पण पोरीने खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, म्हणून दार मला उघडावं लागलं.