दोनदा म्हणजे नाही

आमच्याकडे आवाजाला देंग म्हणतात आणि मतालाही देंगच म्हणतात. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढूनही मला त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

गुलालावहिनी माझ्या मित्राची, फत्ताहची, बायको. अन्फालच्या, म्हणजे आमच्या लोकांच्या सरकारी कत्तलीच्या, वर्षी सैनिकांनी फत्ताहला ट्रकमध्ये घालून नेलं, तो परत आला नाही. दियारी तेव्हा वहिनींच्या पोटात होता. पुढे तो निम्माअधिक वाढला तो माझ्या पुस्तकांच्या खोलीत. मला मूलबाळ नाही. गावासारखाच तोही मला मामोस्ता, म्हणजे गुरुजी, म्हणे.

मग वहिनींच्या घशात गाठ निघाली. आमच्या चमचमालात घशाचा डॉक्टर नाही. मोठ्या शहरात, सुलेमानीला, पोचेपर्यंत उशीर झाला होता, स्वरयंत्रच काढावं लागलं. लिहिता त्यांना येत नव्हतं, तेव्हापासून त्या बोटाच्या पेराने टकटक करून बोलत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्याच रागात दियारी प्रांताच्या संसदेसाठी उभा राहिला. कुठल्याही पक्षाशिवाय.

तो घरोघर गेला. घरोघर चहा झाला आणि घरोघर एकच उत्तर मिळालं, "डोळ्यांवर, दियारी, डोळ्यांवर!" डोळ्यांवर म्हणजे शिरसावंद्य; दारी आलेल्याला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही.

"अरे, ती बोलायची रीत आहे," मी त्याला म्हणालो. "त्यावर विसंबू नकोस."

"मामोस्ता, तुम्ही माणसं पुस्तकातच पाहिलीत," तो हसला. "बरं, तुमचं देंग तरी माझं ना?"

"डोळ्यांवर," माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

"बघा! तुम्हीसुद्धा!"

मतदानाच्या दिवशी तो केंद्राकेंद्रावर फिरत होता, म्हणून वहिनींना मी घेऊन गेलो. आमची मतदानाची खोली एकच. आधी मी मत दिलं, दियारीलाच. मग वहिनींनी ओळख पटवायच्या यंत्रावर बोट ठेवलं. लाल दिवा लागला.

"मावशी, जरा पुसून ठेवा," टेबलामागची मुलगी म्हणाली. "आता दुसरं बोट. आता या हाताचं."

दहाही बोटं झाली. औषधांनी वहिनींच्या बोटांची सालं निघाली होती, ठसे उरलेच नव्हते.

"यंत्र यांना ओळखतच नाही, मामोस्ता. मतपत्रिका कशी देऊ?"

"अगं, मी ओळखतो ना!"

"तुम्ही यंत्र नाही ना, मामोस्ता." ती माझ्याच शाळेतली. तिलाही वाईट वाटत होतं.

वहिनी दाराकडे वळल्या. पेटीशेजारी मत दिल्यावर बोट बुडवायची शाईची बाटली होती. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तर्जनी तीत बुडवली. मुलीने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे."

फाटकाशी दियारी धावत आला. आईचं जांभळं बोट त्याने डोळ्यांना लावलं, त्याचा मुका घेतला. "जगात कुणी नाही दिलं तरी हे एक माझं!" तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी तो घरी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे बसलो होतो. बाहेर जिंकलेल्यांच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, हवेत गोळ्या उडत होत्या. दियारी आला तो शाळेच्या दारावर लावलेले आकडे वाचूनच.

"अख्खी गल्ली, मामोस्ता! सगळ्यांनी डोळ्यांवर घेतलं, हाताने कुणी दिलं नाही." तो हसला आणि आईच्या पायाशी बसला. "आपल्या खोलीत एक पडलं. एकच. तुझं, आई."

मग त्याची मान सावकाश माझ्याकडे वळली.

"तुम्ही त्याच खोलीत होतात ना?"

वहिनींनी हात उचलला. बोटाचं पेर बाकाच्या लाकडावर एकदा वाजलं आणि दुसऱ्यांदा वाजायला उठलं. मी चहाचा पेला त्या हातात दिला.

"घ्या वहिनी, गार होतोय."

चहा आम्हा दोघांच्या हातांवर सांडला. टकटक एकदाच झाली. दियारीने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"तिने तरी दिलं," तो म्हणाला. आणि मग, डोकं न उचलता, "तुम्हाला काय दिलं हो त्या जिंकलेल्यांनी, मामोस्ता? पुस्तकांचं कपाट?"

मला पटकन उत्तर कधीच सुचत नाही. त्या दिवशी सुचलं होतं, अगदी चार शब्दांचं होतं. मी टोपी शोधली आणि घरी आलो.

थंडीभर वहिनी शेजारणीच्या हाती माझ्याकडे गरम नान पाठवत राहिल्या. मी बरोबर केलं की चूक, हे त्यांनीही कधी कळवलं नाही. कळवणार कसं? नवरोजच्या आधी त्या गेल्या.

मशिदीत सांत्वनाला गर्दी होती. दियारी प्रत्येकाला सांगत होता, "आवाज नव्हता तिला, पण शेवटचं देंग तिने मला दिलं." लोक मान हलवत होते. मी कडू कॉफी संपवून त्याच्यापुढे उभा राहिलो. आता तरी सांगता आलं असतं. पण आता तर त्याच्याकडे आईचं तेवढंच उरलं होतं.

"कधी घरी ये," मी म्हणालो. "तुझी पुस्तकं तशीच आहेत."

त्याने छातीवर हात ठेवला, मान थोडी झुकवली. रीतीत कुठेही उणं नव्हतं.

"डोळ्यांवर, मामोस्ता," तो म्हणाला.