चांगडोकगुंगच्या उतारावर

मित्रांनो, माझी चाकं आता कुरकुरतात. पण चाकांची खुर्ची म्हणून मी बरीच वर्षं माणसं सांभाळून नेली आहेत. माझा जन्म जर्मनीतला. आधी बाड हॉम्बुर्गच्या एका आजोबांना मी बागेत फिरवत असे. ते गेले आणि मी जुन्या बाजारात, मोडक्या दिव्यांशेजारी येऊन पडले. तिथून मला र्युसेल्सहाइमच्या सिद्धांतने आपल्या आईसाठी आणलं. तो मोटारींच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. कुंदाआजी माझ्यावर बसून म्हणाल्या, "वा, सिंहासनच की रे!" मी फुलून गेले.

पुढे माझ्या चाकांतली हवा उतरली. हवा नसली, की माझे ब्रेक चाकाला धरत नाहीत. आजींनी आठवण करून दिली, की सिद्धांत अर्ध्या जर्मनमध्ये म्हणायचा, "आल्झो, बरं आई, रविवारी नक्की भरतो." रविवार येत राहिले, जात राहिले.

कोरियन राजांचे महाल पाहायचं आजींच्या फार मनात होतं. या वसंतात आम्ही सोलला गेलो. सिद्धांतच्या लेकीने, अन्वीने, तिथला घोळदार पोशाख भाड्याने घेऊन घातला. चांगडोकगुंग महालामागच्या बागेत वाट उतरत तळ्याकडे जाते. त्या उतारावर सिद्धांतने ब्रेक लावला आणि फोटो काढायला तो बाजूला झाला.

मी हलले. आधी बोटभर, मग हातभर. ब्रेक नुसता घासत होता. समोर तळ्याचा दगडी काठ जवळ येत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

"सिद्धांत! अरे, ही थांबत नाहीये!" आजींनी चाकं धरली. त्यांचे तळवे सोलवटले.

"हाल्ट! पापा!" अन्वीने धावत येऊन माझी मागची मूठ पकडली आणि ती फरफटत निघाली. तिचा घोळ चाकात अडकला, टर्रकन फाटला, गुंडाळला गेला. मी तिरकी होऊन थांबले. काठ अगदी पायाशी होता.

एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी अन्वी रडत विचारत होती, "आजी, तुला लागलं?"

सिद्धांत पांढराफटक पडला होता. "आई, माझं चुकलं..."

"आधी पोरीचा गुडघा बघ," आजी म्हणाल्या. "तुला नंतर बोलते."

त्याच दुपारी त्याने पंप शोधून आणला. दोन्ही चाकं टणक होईपर्यंत हवा भरली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी खुर्ची असेल, तर तिची चाकं आजच दाबून पाहा. बसलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. मूठ कुणाच्या तरी हातात आहे, एवढ्या भरवशावर ते समोर बघत असतं.