चौदावा सिलिंडर

मे महिना सरत आला की खालापूरच्या बाजूची ती दगडखाण चार महिन्यांसाठी बंद व्हायची. तसं तिथं दगड काढणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. खड्ड्यात पाणी साचून साठ फूट खोल तळं झालं होतं आणि मुंबईच्या रणदिवे सरांनी तिथं स्कूबा डायव्हिंग शिकवायचं केंद्र काढलं होतं. पावसाळ्यात कडेचे दगड सुटतात, पाणी गढूळ होतं, म्हणून सुट्टी. त्याआधी सगळं सामान धुऊन, वाळवून, खोलीत लावायचं काम दर्शनाचं. ती पळसदरीची, लग्न होऊन खालापुरात आलेली. सामान धुवायला म्हणून कामाला लागली आणि सहा वर्षांत गिऱ्हाइकांना घेऊन पाण्यात उतरायला लागली.

दोन दिवस ती एकटीच राबत होती. वेटसूट साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत टांगले. उन्हात टाकले की रबर तडकतं. मास्क पुसून पावडर लावून डब्यात भरले. सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारे रेग्युलेटर धुताना त्यांची बुचं दोनदा दाबून बघितली, कारण आत पाण्याचा थेंब गेला तर पुढच्या हंगामात कुणाचा तरी श्वास अडायचा. शेवटी राहिले सिलिंडर. ते भरलेले ठेवत नाहीत आणि अगदी रिकामेही करत नाहीत. थोडी हवा ठेवली की आत दमटपणा शिरत नाही.

पहिल्याचा कॉक तिनं सोडला. हवा फुसफुसत बाहेर आली आणि तिचा हात थांबला.

सिलिंडरच्या हवेला वास नसतो. ह्या हवेला होता. चालू एसटीच्या मागं उभं राहिलं की येतो तसा. तिनं दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांना तोच वास.

मग तिला रविवार आठवला. लाईट गेली होती. रणदिवे सरांनी स्वतः जनरेटर कॉम्प्रेसरच्या खोलीत ओढून घेतला होता आणि सोळा सिलिंडर भरले होते. कॉम्प्रेसरनं बाहेरच्या हवेऐवजी जनरेटरचा धूरच ओढला असणार. त्यातले दोन घेऊन डायव्हिंगला सरावलेलं एक जोडपं पाण्यात उतरलं. बाई वर आली ती ओकत. नवरा डोकं धरून बसला. "ऊन लागलंय," म्हणत सरांनी त्यांना आपल्याच गाडीतून नेलं आणि बाकीची बॅच रद्द केली. दर्शनानं त्या बाईला लिंबूपाणी दिलं होतं. तिला ग्लास धरता येत नव्हता.

म्हणजे भरलेले चौदा उरायला हवे होते. दर्शनानं मोजले. तेरा होते.

चौदावा तिनंच दिला होता, काल, आपल्या भावाला. कपिल विहिरींतल्या मोटरी काढायचा. पाण्याखाली जायला तिनंच त्याला शिकवलं होतं. "कशेळ्याला एका विहिरीत मोटर रुतलीय, ताई. उद्या उतरतो," एवढं बोलून तो सिलिंडर मोटरसायकलला बांधून गेला होता.

तिनं फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्यानं उचलला.

"कोन?"

"मी कपिलची बहीण. कपिल कुठं हाय?"

"खाली हाय. मी कोंडाजी, माझीच हीर हाय. पंधरा मिन्टं झाली त्याला उतरून."

"काका, पान्यावर बुडबुडे येतायत का?"

"येतायत की." म्हातारा थांबला. बहुतेक वाकून बघत होता. "मगाशी लई येत हुते. आता एक येतो, मंग जरा थांबून एक."

"दोरी वढा."

"त्यानंच सांगितलंय, मी हिसका दिल्याबिगर वढू नका म्हून."

"तो हिसका देनार नाय आता. त्या सिलिंडरची हवा खराब हाय, काका. वढा."

फोन कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्यानं गजा म्हणून कुणाला तरी हाक मारली. कप्पी करकरायला लागली. दर्शना फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली. मध्येच कप्पी थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि फोन बंद पडला.

ती स्कूटरवर बसून कशेळ्याच्या रस्त्याला लागली. चौक गावात थांबून पुन्हा फोन लावला, लागला नाही. तिथूनच तिनं रणदिवे सरांना कळवलं. हवेत धूर आहे, माझा भाऊ तीच हवा घेऊन उतरलाय, एवढंच सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघतो."

कर्जत जवळ आलं तेव्हा कोंडाजींचा फोन आला. "जीपमधी घातलाय. कर्जतला आनतोय. श्वास घेतोय, पन बोलत नाय."

दवाखान्याच्या दारात जीप थांबली. कपिलच्या अंगावर अजून ओला सूट होता, पायाशी सिलिंडर आडवा पडला होता. चेहरा लालसर दिसत होता. कोंडाजी म्हणाले, "रंग चांगला हाय त्याचा." दर्शनाला तो रंग बघवेना; धुराचं विष भिनलं की माणूस असाच लाल दिसतो, हे तिला माहीत होतं. तिनं डॉक्टरांना हवेचं सगळं सांगितलं, त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला.

चार वाजता कपिलनं डोळे उघडले.

"ताई, मोटर निघाली का?"

"गप पड."

"डोकं दुखत हुतं आधी. मंग झोप यायला लागली. चांगली झोप, ताई. वर यावंसंच वाटंना."

पाण्याचा ग्लास त्याला नीट धरता येईना, तिनंच तो त्याच्या तोंडाला लावला. "जीव वाचला," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. विसरायला लागला, चालताना झोक गेला, तर लगेच आणा."

ती दाराबाहेर कोंडाजींना हे सांगत होती तेवढ्यात सरांचा फोन आला.

"भाऊ कसा आहे?"

"वाचला."

"बरं झालं. मी माणूस सामानाच्या खोलीवर पाठवला होता. सगळे सिलिंडर मोकळे करून, आतून धुऊन झाले. जनरेटरही हलवला." सरांचा आवाज अगदी शांत होता. "पण तेराच निघाले, दर्शना. चौदावा कुठंय?"

दर्शनानं जीपकडं बघितलं. सिलिंडर अजून तिच्यातच होता.

"सर, रविवारच्या त्या बाई कशा आहेत?"

"चौदावा कुठंय, ते विचारलं मी."

"त्या बऱ्या आहेत ना, सर?"



"तो विषय आता आपला नाही," सर म्हणाले.

बाई बऱ्या असत्या तर सरांनी तसं सांगितलं असतं. दर्शनाला त्या बाईचा ग्लास न धरता आलेला हात दिसला.

"विहिरीत राहिला, सर," ती म्हणाली. "गाळात गेलाय."

"मग माणूस तिथं पाठवतो. कुठल्या विहिरीत?"

तिनं फोन बंद केला. कोंडाजी तिच्या तोंडाकडं बघत उभे होते. तिनं जीपमध्ये चढून सिलिंडरचा काटा पाहिला. निम्मी हवा होती; रविवारचा धूर आता एवढ्यातच उरला होता. कॉक तिनं घट्ट आवळला.

"काका, तुमच्या हिरीवर कोनीतरी येईल आता."

"येऊ दे. काय सांगू त्याला?"

"खाली उतरून बघ म्हनावं."

कोंडाजींनी मान हलवली आणि खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो सिलिंडरभोवती गुंडाळला, गाठ मारली. मग दोघांनी मिळून तो उचलला आणि स्कूटरवर पायाशी ठेवला. पोलीस ठाणं कुठल्या गल्लीत आहे, ते तिनं जीपवाल्याला विचारून घेतलं. निघताना तिनं रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. फोन पुन्हा वाजायला लागला होता.